पळीबाईचं पातेलं

त्या राज्यात कडधान्याची इभ्रत मोडावर ठरत असे. ज्याला मोड आला तो अंगणातल्या ओल्या मातीत जाई. ज्याला नाही आला त्याचं पुढे काय होई, याबद्दल चांगल्या घरात बोलत नसत. वर्षातून एकदा महाद्वारावर मोठी चाळणी लागे आणि दाणे तिच्यावर ओतले जात. मोडवाले भोकांत अडकून वर राहत, बाकीचे खाली घरंगळत.

मोड कसा येतो, हे बरणीतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होतं. पाण्यात भिजलं की येतो. म्हणजे जास्त भिजलं की जास्त येणार, हा हिशोब त्यांनी बरणीत बसल्या बसल्याच मांडला होता. त्यांच्यापैकी कुणाच्या अंगाला कधी थेंब लागलेला नव्हता. सगळी मंडळी कोरडी, खडखडीत, आणि आवाजाला मोठी.

भिजवण्याचं काम पळीबाईकडे होतं. तिचं पातेलं राज्यात सर्वांत खोल, म्हणून तिथे ही गर्दी. पळीबाईला स्वतःला मोड आलेला नव्हता. पळीला येत नसतो. पण मागल्या साली चाळणीवर राहिलेल्या दाण्यांची नावं तिने पातेल्याच्या काठावर अशी काही रंगवून ठेवली होती, की ती तिच्याच पोटची वाटावीत. ती दिवसभर पातेलं ढवळे. कुणी तळाशी जरा टेकलं की म्हणे, "टेका, टेका. पलीकडच्या पातेल्यातले मूग काही टेकत नाहीत म्हणे."

बारकी नावाची एक मटकी त्या पातेल्यात होती. आल्या आल्या ती छान टपोरी फुगली, तेव्हा तिच्या आईने बरणीच्या काचेला नाक लावून ती सगळ्यांना दाखवली. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की पोर भिजतेय चांगली, तर आणखी भिजू दे.

चाळणी जवळ आली तसा पाण्यावर फेस धरू लागला. वासही सुटला. वडीलधारे एकमेकांना म्हणाले, "बघा, काय उत्साह उसळलाय पोरांत."

बारकीची साल सैल पडली होती. शेजारच्या दाण्याने नाव विचारलं, तर तिला ते आठवायला वेळ लागला. आईने वरून हाक मारली, "बारके, आत काही हलतंय का गं?"

"नाही गं आई. काहीच नाही."

"मग अजून खोल जा."

तिला खोल जाववेना. ती तरंगू लागली. तरंगणाऱ्या दाण्याला पळीबाई उचलून चारचौघांत दाखवत असे, त्याला लाज वाटावी म्हणून. तिने बारकीला उचललं, काठाशी आणलं, आणि बोलण्याच्या भरात स्वतःच कलंडली. बारकी घसरून काठालगतच्या ओलसर फडक्यात पडली. पळीबाईच्या ते लक्षातही आलं नाही. एका दाण्याने तिचं पातेलं काही रितं होत नव्हतं.

फडक्याला लागून एका वाटीत चवळीमावशी राहायची. कुणाच्या घरात काय शिजतंय, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "ये गं, टेक जरा," ती म्हणाली. "आणि मला एक सांग, त्या हुलग्याच्या पोराला खरंच मोड आलाय, की त्याची आईच आवई उठवतेय?"

बारकीने सांगायला तोंड उघडलं आणि ती तशीच झोपी गेली.

"बाई गं, अर्ध्यावरच?" मावशी चिडली. मग तिला पोरीचं अंग गार लागलं. तिने फडक्याचं टोक ओढून तिच्यावर घातलं आणि कडेला स्वतः बसून राहिली.

थोड्या वेळाने बरणीतून आवाज आला. "मावशी, आमची बारकी दिसत नाही हो पातेल्यात."

खरं सांगितलं तर पोर पुन्हा फेसात जाणार, एवढं मावशीला कळत होतं. "दुसऱ्या पाण्यात घातलीय तिला," ती म्हणाली. "जास्त खोल आहे."

"किती खोल?"

"वरून दिसत नाही, एवढं."

आई हरखून गेली आणि बरणीभर सांगत सुटली. मावशीला मात्र फडकं उघडून बघायची भारी हुक्की येत होती. ती तिने कशीबशी दाबली.

चाळणी लागली. पळीबाईचं पातेलं ओतलं गेलं, आणि बुळबुळीत झालेले दाणे फेसासकट भोकांतून खाली गेले. पळीबाई म्हणाली, भिजायला कमी पडले. सगळ्यांत शेवटी मावशीने फडकं चाळणीवर झटकलं. बारकी घरंगळली, एका भोकाशी अडकली आणि वर राहिली. सालीतून डोकावणाऱ्या त्या पांढऱ्या मोडाकडे ती स्वतःच बघत बसली.

सगळी बरणी मावशीकडे लोटली. "काय केलंत हो तिला?"

"काही नाही. झोपली होती."

वडीलधारे हसले. "नसेल सांगायचं तर नका सांगू."

"मावशी, आमच्यापासूनसुद्धा लपवता?" आई दुखावल्या आवाजात म्हणाली.

त्यांनी ते फडकं उलटसुलट करून पाहिलं, हुंगलं, आणि एकमेकांकडे बघून माना डोलावल्या.

पुढच्या साली पळीबाईने आणखी खोल पातेलं काढलं. काठावर बारकीचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत होतं. आत काठोकाठ पाणी, पाण्यात नवे दाणे, आणि प्रत्येक दाण्याला गुंडाळलेला फडक्याचा एकेक तुकडा. एखादा तुकडा दाण्यासकट वर आलाच, तर पळीबाई तो पाठीने दाबून पुन्हा तळाला नेत होती.