कोरडा शंख

एकदा एक डोंगरी राज्य होते आणि तिथे जिवंतांपेक्षा मेलेल्यांचाच शब्द जास्त चालत असे.

राजघराण्याची रीत अशी होती, की घरातला कर्ता माणूस मरणाला टेकला की त्याच्या ओठांना एक शंख लावायचा. शेवटचा श्वास आत गेला की शंखाचे तोंड मेणाने बंद करायचे. तेराव्या दिवशी वारसाने एकट्याने ते मेण फोडायचे, शंख कानाला लावायचा आणि मृताची अपुरी राहिलेली इच्छा ऐकायची. ओल्या शंखात श्वास टिकत नाही, अशी समजूत होती. त्यामुळे शंख एकदा खोलीत आला की मरणाऱ्याला पाण्याचा थेंबही दिला जात नसे. आपण वैऱ्यालाही जे शेवटचे पाणी नाकारत नाही, ते या घरात चार पिढ्या कोणालाच मिळाले नव्हते. यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही आले नाही, कारण सवयीला डोळे नसतात आणि राजघराण्याच्या सवयीला तर नसतातच.

प्रत्येक शंखाने वारसाला एकच गोष्ट सांगितली होती. उत्तरेच्या खिंडीपलीकडचे पठार हे घराण्याचे मूळ स्थान. ही गोष्ट जिची आहे, त्या वारस मेदिनीच्या खापरपणजीला तिथून हाकलून देण्यात आले होते, ते परत मिळवायचे. पण त्या खिंडीत बारा महिने पांढरे धुके असे आणि ते साधे धुके नव्हते. ज्याचा शब्द तुम्ही आयुष्यात कधी मोडला नाही, त्याच्या आवाजात ते तुम्हाला हाक मारी. माणूस हाकेमागे जाई आणि कड्यावरून खाली पडे. मेदिनीची आजी तिथून अर्धमेली परत आली आणि महिन्याभरात गेली. वडिलांचेही तेच झाले.

वडिलांच्या तेराव्याला मेदिनीने शंख कानाला लावला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. बुद्धीने तल्लख, तलवारीला पक्की, आणि लहानपणापासून एकच वाक्य ऐकत वाढलेली, की ही पोर घराण्याचे नाव राखील. शंखातून तिला स्पष्ट ऐकू आले, ‘खिंड ओलांड.’ तिने त्याच दिवशी विडा उचलला. खरे सांगायचे तर तिला ते ऐकायचेच होते. वडिलांना जे जमले नाही ते आपण करून दाखवू, ही आच तिच्या मनात शंखाच्या आधीपासून होती. पण आपल्या महत्त्वाकांक्षेला वडिलांचे नाव दिले की ती फार पवित्र दिसू लागते.

शंखघराची व्यवस्था एका वृद्ध आचार्यांकडे होती. मेदिनीला अक्षरे त्यांनीच शिकवली होती. वर्षभर ती रोज सकाळी त्यांच्याकडे येई, आचार्य लाल वस्त्रात गुंडाळलेला शंख तिच्या हाती देत, ती डोळे मिटून ऐके आणि दिवसाच्या कामाला लागे. किती माणसे न्यायची, कोणत्या वाटेने जायचे, सगळे ती शंखाला विचारूनच ठरवी.

निघण्याच्या आदल्या सकाळी ती आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. तिने शंख कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, आज बाबांचा आवाज कधी नव्हे इतका स्वच्छ आहे, कुमुदला पुढे ठेव असे ते सांगतात. कुमुद तिची धाकटी बहीण. कड्यावर चढण्यात तिचा हात धरणारा राज्यात कोणी नव्हता, आणि घरी तिची सहा वर्षांची मुलगी होती, रेणू.

आचार्यांनी शंख तिच्या हातातून घेतला. शेजारच्या घागरीतले पाणी त्यात ओतले आणि शांतपणे पिऊन टाकले.

मेदिनी जागीच थिजली. तिचा हात तलवारीच्या मुठीकडे गेला, पण समोर गुरू होते. आपण काय केलेत, एवढेच तिने विचारले.

“हा तुझ्या वडिलांचा शंख नाही,” आचार्य म्हणाले. “परवा बाजारात मीठवाल्याकडून घेतला. वडिलांचा शंख तो कोनाड्यात आहे. दोन दिवस तू याच्याशीच बोलते आहेस, मुली. शंखात कोणी नसते. आपल्याच मनातले आपल्या कानी पडते, आणि बापाच्या आवाजात आले म्हणून आपण त्याला प्रश्न विचारत नाही. तुझे वडील गेले तेव्हा मी तिथे होतो. त्यांनी खिंडीचे नावही काढले नाही. ते ‘पाणी’ म्हणाले. दोनदा म्हणाले. आणि मी त्यांच्या ओठांना कोरडा शंख लावला.”

मेदिनीने कोनाड्यातल्या शंखाकडे पाहिले. तिला ते पटले होते, हेच सर्वांत वाईट. पण बाहेर दोनशे माणसे शिधा बांधून तयार होती, ध्वज शिवून झाला होता, दरवाजावर तिचे नाव कोरले गेले होते. आता माघार घेतली तर चार पिढ्यांचे मरण फुकट गेले असे होईल आणि ते आपल्या तोंडाने सांगावे लागेल. तेवढे धैर्य तिच्याकडे नव्हते. मरायचे धैर्य होते, ते त्या घरात सगळ्यांकडेच असे.

“आपण थकला आहात, आचार्य,” ती म्हणाली, आणि निघून गेली.

कुमुदला जायचे नव्हते. पण ताईचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. रेणूला दाईकडे सोपवून ती दोर घेऊन पुढे झाली.

खिंडीत शिरल्यावर चौथ्या प्रहरी धुके दाट झाले. मेदिनी कुमुदच्या मागे वीस पावलांवर होती. मेदिनीला वडिलांची हाक ऐकू येईल असे वाटत होते, तिने कानात बोळेही घातले होते. हाक आली नाही. पुढून मात्र दुसराच एक आवाज आला, बोळ्यांतूनही ओळखता यावा असा. तो तिचा स्वतःचा होता. “कुमुद, इकडे ये. पुढे ये.” मेदिनीने बोळे काढून फेकले आणि मागून जिवाच्या आकांताने ओरडली, थांब, मी इथे आहे. कुमुद क्षणभर थांबली. दोन्हीकडून ताईच बोलावत होती, आणि आजवर ताईने तिला कधी थांब म्हटले नव्हते, नेहमी पुढेच धाडले होते.

“आले, ताई,” असे म्हणून कुमुदने कमरेला अडकवलेला दोर सोडला आणि ती पुढे गेली.

मेदिनी तीन दिवस कड्याखाली बर्फात शोधत राहिली. मिळाला तो फक्त दोर. तिला पालखीतून परत आणले तेव्हा तिचे दोन्ही पाय काळे पडले होते आणि अंगात ताप होता. वैद्यांनी मान हलवली. मग रीतीप्रमाणे खोलीतली घागर बाहेर नेली गेली आणि शंख आत आला.

प्रधानांनी रेणूला पलंगाशी उभे केले. आता हीच वारस, हिच्यासाठी इच्छा ठेवून जावे, असे ते नम्रपणे म्हणाले. मेदिनीने त्या पोरीकडे पाहिले. तिचा घसा सुकून लाकूड झाला होता. तिला वाटत होते, आपण काहीही बोललो, अगदी रडलो तरी ही पोर त्यातून खिंडच ऐकेल. तिने मान वळवून आचार्यांना शोधले आणि म्हणाली, “पाणी.”

वडिलांच्या वेळी हेच ऐकून आचार्य गप्प राहिले होते. या वेळी ते उठले, बाहेर जाऊन घागर घेऊन आले, आणि सगळ्यांसमोर त्यांनी तो शंख काठोकाठ भरला. प्रधान हात धरायला धावले. आचार्यांनी त्यांना बाजूला सारले आणि शंख मेदिनीच्या ओठांना लावला. ती हळूहळू सगळे पाणी प्यायली.

“रेणू,” ती म्हणाली, “मला तुझ्याकडून काही नको.”

त्यानंतर ती घटकाभर जगली. मेण वितळून तयार होते, ते तसेच वाटीत थिजले.

तेराव्या दिवशी प्रधानांनी हट्टाने तो शंख रेणूच्या हाती दिलाच. तिने तो कानाला लावला, हलवून पाहिला, पुन्हा लावला. बाहेर सगळा दरबार कान टवकारून उभा होता. रेणू दार उघडून आली आणि म्हणाली, “यात काहीच नाही.” चार पिढ्यांत हे सांगणारी ती पहिलीच होती. मग तिने, आई कधी येणार, असे आचार्यांना विचारले.

त्या राज्याच्या बखरीत मेदिनीची नोंद घराण्याची इच्छा बुडवणारी अशी आहे. खिंडीत धुके अजून आहे, तिकडे कोणी जात नाही. ज्यांच्या घरी असे शंख असतील, त्यांनी ते मुलांच्या कानाला लावण्याआधी एकदा पाण्याने भरावेत.