नागोशेठचं फुकट सरबत

साळू कासारणीच्या लेकीचं लग्न तेरा दिवसांवर आलं आणि अंबरनेरच्या बाजारात शालूची किंमत दुप्पट झाली. फक्त तिच्यासाठी, बरं का! मांडववाला, आचारी, वाजंत्री, तिला बघताच सगळ्यांनी भाव चढवले. साळूनं लग्नाचं अजून कोणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. बोलली होती ती फक्त मैत्रिणीशी, नागोशेठच्या सरबताच्या मांडवात.

या मांडवाचं काय सांगावं! वाळ्याचं थंडगार सरबत, हवं तेवढं प्या, दमडी देऊ नका. अख्खं गाव तिथं गप्पा छाटायला बसे. आणि पडद्याआड शेठचे चार कारकून बोरू सरसावून एकूण एक शब्द टिपून घेत. कोणाची म्हैस आटली, कोणाला मूळव्याध झाली, काही म्हणून सुटत नसे. ती टिपणं शेठ संध्याकाळी दुकानदारांना विकी. असल्या माणसाला काय म्हणावं?

हे कळताच साळू तडक दरबारात गेली आणि शेठनं आपली गोष्ट चोरली अशी फिर्याद केली. नागोशेठ हसत म्हणाला, "महाराज, मी हिचं काय चोरलं? हिची गोष्ट हिच्यापाशीच आहे की."

वीरधवल महाराजांना ते सरबत भारी आवडे. त्यांनी हुकूम सोडला, की चोरीला गेलेली वस्तू उद्या दरबारात दाखव, नाहीतर बांगड्यांचा धंदा बंद कर. साळू विचार करत घरी निघाली. धंदा बुडाला तर लग्न कशावर करायचं? आणि जी वस्तू गेलीच नाही, ती दाखवायची तरी कशी?

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं आली, तीही उशिरा. शेठजींच्या घरी शेठाणीबाईंना बांगड्या भरत होते, म्हणाली.

शेठचा चेहरा पडला. बांगड्या भरताना बाईचा हात कासारणीच्या हातात असतो आणि तोंड मोकळं असतं. गावभर कान लावणारा हा शहाणा आपलंच माजघर विसरला होता!

साळू म्हणाली, "शेठाणीबाई बोलता बोलता म्हणाल्या, की..."

"गप! एक अक्षर बोलू नकोस!"

दरबारातले झाडून सगळे व्यापारी पुढे सरकले.

"का हो शेठजी? तुमची गोष्ट तुमच्यापाशीच आहे की."

"अगं बाई, घरातलं बाहेर फुटलं तर माझं लाखाचं नुकसान होईल!"

साळूनं महाराजांपुढे हात जोडले. "हीच ती वस्तू, महाराज. शेठजींनी ओळखली, किंमतही त्यांनीच सांगितली."

महाराज गडगडून हसले. टिपणं जाळायचा आणि शालूपासून पंगतीपर्यंत सारा खर्च शेठनं करायचा हुकूम सुटला. मग डोळे पुसत त्यांनी हळूच विचारलं, "पण शेठाणी म्हणाल्या तरी काय?"

"म्हणाल्या, की बांगडी जरा घट्ट होतेय."

महाराज हसता हसता सिंहासनावरून घसरायचेच राहिले, आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी साळूच्या ओटीत टाकलं.