खडकावरचे पेनस्टेमन

एका राज्यात, जिथे डोंगरही राजाला वाट देत, मैनावती माळीण राहत होती. तिचा नवरा भानजी याने जादूगाराच्या बागेतले फूल न विचारता खुडले आणि जागच्या जागी त्याचा खडक झाला.

जादूगार म्हणाला, "या खडकावर पेनस्टेमन फुललं तर माणूस होईल. माझ्या बागेतलं एकच रोप ने. ते मेलं, तर हा कायमचा दगड."

दरबारी माळी हसले. तुताऱ्यांसारख्या फुलांची ही रोपे त्यांनीही आणली होती आणि शेणखत व पाणी घालघालून मारली होती. अति लाडाने पोर बिघडते, रोप तर मरतेच!

मैनावतीने पदर खोचला. जादूगाराच्या बागेच्या फाटकावरच्या साळुंकीला तिने विचारले, "साळुंकीबाई, कोणतं नेऊ?"

"रुंद पानांचं वाफ्याच्या कडेला शोभतं, पण थंडीत मरतं. बारीक पानांचं बुटकं खडकात तगतं."

मैनावतीने बुटके उचलले. मग खडकाच्या भेगेत खडी, वाळू आणि मूठभर माती भरून तिने ते लावले. पाणी झरझर निथळले. खत तिने घातलेच नाही. लोक तिला चिक्कू म्हणाले, पण रोपाने मूळ धरले.

रोप निवडले, लावले; तिसरे काम, ते थंडीत राखणे, जिवावरचे होते. थंडीच्या तोंडावर राजा स्वतः कात्री घेऊन राज्यातल्या बागाबागांतले प्रत्येक झुडूप बुडापासून छाटी. सात पिढ्यांचा तो रिवाज. मैनावती आडवी आली.

"महाराज, जुन्या काड्या ही रोपाची गोधडी आहे. आज कापलीत तर रोप जाईल, माझा धनीही जाईल."

"रिवाज मोडणाऱ्याचं डोकं उडवतात, मैनावती."

"मग आधी माझं उडवा. काडीला मागाहून हात लावा."

 राजाने कात्री म्यान केली.

हिव पडले. काड्या काळ्या पडल्या. मैनावती रडली, पण तिने त्या उपटल्या नाहीत. वसंतात बुडाशी हिरवे कोंब दिसले, तेव्हाच तिने जुन्या काड्या छाटल्या. उन्हे तापली आणि जांभळ्या तुताऱ्यांनी खडक झाकून गेला. खडकाने श्वास घेतला. भानजी डोळे चोळत उठून बसला! राजाने भर दरबारात मैनावतीला मुजरा केला.

तेव्हा गर्दीतून अठरा बाया पुढे आल्या. त्यांचीही माणसे जादूगाराच्या शापाने डोंगरात खडक होऊन पडली होती, आणि रोप मरेल या भीतीपोटी त्यांनी रोप मागितलेच नव्हते. मैनावतीने आपल्या रोपाचे अठरा फाटे वाळूत रुजवले आणि एकेक त्यांच्या हाती दिला.

पुढल्या उन्हाळ्यात अठरा खडक उठून आपापल्या घरी जेवायला गेले.