कपावरचा फोटो

सरबताचे कप बनवणाऱ्या कारखान्यात नवं प्लास्टिक निवडायचं होतं. मातीत कुजणारा नमुना चेअरमन दौलतरावांनी बाजूला सारला. "आपला कप शंभर वर्षं टिकला पाहिजे!"

"पिणार घटकाभर, साहेब," इंजिनीअर शुभदा म्हणाली.

"टिकाऊ मालातच आपला मान आहे, मॅडम!"

"मग प्रत्येक कपावर तुमचा फोटो छापू."

साहेब खुलले. शुभदाने त्यांना खिडकीशी नेलं. खाली कारखान्याच्याच कपांनी तुंबलेल्या नाल्यात डुकरं लोळत होती.

"तिथे शंभर वर्षं राहाल, साहेब."

दौलतरावांचा चेहरा उतरला. शुभदाला वाटलं, सुटला बिचारा नाला.

"पटलं मला," दौलतराव म्हणाले. "फोटो नको. प्लास्टिक मात्र शंभर वर्षं टिकणारंच घ्या."