ठिपकीची झोप आणि गाडीचं नाक

एक होतं गॅरेज. गॅरेजात होती एक लाल गाडी. आणि गाडीच्या मागच्या सीटवर होती ठिपकी. ठिपकी म्हणजे कोण? मांजराचं पिल्लू हो. एवढंसं, मुठीएवढं.

गॅरेज तुळशीकाकांचं. काका रोज दुपारी जेवले की लाल गाडी सुरू करायचे. गाडी उभ्या उभ्या घुरघुरायची. गुर्रर्र, गुर्रर्र. अगदी ठिपकीच्या आईसारखी. आई आता ठिपकीजवळ नव्हती ना. मग ठिपकी ती घुरघुर ऐकायची, शेपटी नाकावर घ्यायची आणि गुडुप झोपायची.

एकदा आली खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी हत्यारांची पूजा. हत्यारांना सुट्टी. काकांना पुसायची भारी हौस. नट पिळायचे पाने पुसले, हातोडी पुसली. गाडीतला सेन्सरसुद्धा काढून पुसला, परत लावला. सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. किती वारा आत आला, ते नाक गाडीला सांगतं.

मग काकांनी हत्यारं पाटावर मांडली. हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. आणि गाडी सुरू केली. तर काय? गुर्र... थड थड. गुर्र... थड. गाडीला लागली उचकी. काका म्हणाले, नाक आत्ताच पुसलंय, उचकी थांबेल आपोआप. गाडी बंद केली, बॉनेट उघडंच ठेवलं आणि गेले नारळ आणायला.

ठिपकी या कुशीवर झाली. त्या कुशीवर झाली. झोप काही येईना. मग ती उठली. दुडू दुडू, दुडू दुडू. गाडीपुढे आली.

"गाडीबाई, गाडीबाई, घुरघुर की. ठिपकीला झोप येईना."

गाडी म्हणाली, "नाक सांगेना. मी कशी घुरघुरू?"

दुडू दुडू, दुडू दुडू. ठिपकी चढली बॉनेटच्या काठावर. आत नाही हं शिरली. शहाणी आहे ती.

"नाकोबा, नाकोबा, सांग की. गाडी घुरघुरेना, ठिपकीला झोप येईना."

नाक म्हणालं, "मी तर लख्ख आहे. पण वारा नीट येईना. मी काय सांगू?"

"वारोबा, वारोबा, ये की. नाक सांगेना, गाडी घुरघुरेना, ठिपकीला झोप येईना."

वारा म्हणाला, "मी जिच्यातून येतो ती नळी बसेना. फटीतून जातो मी फुस्स. नीट कसा येऊ?"

"नळीताई, नळीताई, बस की. वारा येईना, नाक सांगेना, गाडी घुरघुरेना, ठिपकीला झोप येईना."

नळी म्हणाली, "स्क्रू धरेना. मी कशी बसू?"

"स्क्रूदादा, स्क्रूदादा, धर की. नळी बसेना, वारा येईना, नाक सांगेना, गाडी घुरघुरेना, ठिपकीला झोप येईना."

स्क्रू म्हणाला, "पेचकस फिरेना. मी कसा धरू?"

पेचकस कुठे होता? पाटावर. स्क्रू फिरवतो ना, तोच तो. सगळ्यांत छोटा, सगळ्यांत मागे. गाल फुगवून बसला होता.

दुडू दुडू, दुडू दुडू.

"पेचकसभाऊ, पेचकसभाऊ, फिर की. स्क्रू धरेना, नळी बसेना, वारा येईना, नाक सांगेना, गाडी घुरघुरेना, ठिपकीला झोप येईना."

पेचकस म्हणाला, "हातोडीला फूल, पान्याला फूल. मलाच नाही. जा, मी नाही फिरत."

खरंच की. फुलं संपली होती. त्याच्या वाट्याला एक पाकळीसुद्धा आली नव्हती.

दारात जुन्या टायरात झेंडू होता. त्याच्यावर एकच फूल उरलं होतं. ठिपकीचे डोळे मिटत होते, पाय अडखळत होते. तरी गेली. दुडू... दुडू...

"झेंडूमामा, झेंडूमामा, फूल दे की. पेचकस फिरेना, स्क्रू धरेना, नळी बसेना, वारा येईना, नाक सांगेना, गाडी घुरघुरेना, ठिपकीला झोप येईना."

झेंडू म्हणाला, "सकाळपासून सगळे नुसते तोडून नेतात. विचारलं फक्त तू. घे बाळ."

टप्प. फूल खाली पडलं.

ठिपकीनं ते तोंडात धरलं आणि पेचकसापुढे ठेवलं. तेवढ्यात काका आले. फूल पाहिलं, पेचकस पाहिला.

"अरेरे, तुला विसरलोच की मी."

मग त्यांनी डोकं खाजवलं. पूजेची घाई झाली आणि पेचकस तसाच पाटावर ठेवला. म्हणजे नळीचा स्क्रू पिळायचा राहिलाच. पण आज तर हत्यार उचलायचं नाही. काय करावं बाई? काकांनी ठिपकीकडे पाहिलं. ती बसल्या बसल्या पेंगत होती. काकांनी हात जोडले.

"देवी आई, लेकरू झोपेला आलंय. एकच पीळ देतो."

पेचकस फिरला, कर्र कर्र. स्क्रूनं धरलं, गच्च. नळी बसली, घट्ट. वारा आला, सुर्र. नाकानं सांगितलं. गाडी घुरघुरली. गुर्रर्र, गुर्रर्र, गुर्रर्र. एकसुद्धा उचकी नाही.

काकांनी ठिपकीला उचलून सीटवर ठेवलं. तिनं शेपटी नाकावर घेतली.

थोड्या वेळानं काकांनी किल्ली फिरवली. गाडी थांबली. पण घुरघुर काही थांबेना. घुर्र, घुर्र, घुर्र. काकांनी वाकून पाहिलं.

ती ठिपकीची होती.

गाडी निजली, ठिपकी निजली. आता आपणही मिटू या डोळे.