उलट्या लाटा

“हा हार्ट अटॅक नाही, तर मग काय आहे मॅडम?”

डॉ. निनाद चौबळच्या हातात ईसीजीची पट्टी होती. वर उठायला हव्या त्या लाटा खाली उलटून खोल गेल्या होत्या. पट्टी वाचण्यात त्याचा हात धरणारं हॉस्पिटलात कुणी नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

खाटेवर रेवती साळुंखे बेशुद्ध होत्या. शाळेच्या मैदानावर मुलींना लेझीम शिकवताना कोसळल्या होत्या. रक्त पातळ करणारं इंजेक्शन तयार होतं.

निनादच्या वरिष्ठ डॉक्टर मोघे मॅडमनी पट्टी हातात घेतली नाही. रेवतीबाईंना घेऊन आलेल्या शिक्षिकेकडे त्या वळल्या.

“पडण्याआधी काही बोलल्या?”

“डोकं धरलं त्यांनी. म्हणाल्या, डोक्यात काहीतरी फुटलं... बस, एवढंच.”

“छातीचं?”

“नाही.”

मॅडमनी रेवतीबाईंच्या डोक्याखाली हात घातला आणि ते हलकेच उचललं. हनुवटी छातीकडे झुकली नाही. मान लाकडासारखी ताठ होती.

“इंजेक्शन ठेव. आधी डोक्याचा स्कॅन.”

“पण पट्टी तर स्पष्ट...”

मॅडम खाट स्कॅनच्या खोलीकडे ढकलू लागल्या होत्या.

स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त पसरलेलं दिसलं. निनाद पडद्यासमोर उभा राहिला. ते इंजेक्शन दिलं असतं, तर हे रक्त थांबलंच नसतं.

सर्जननी फुटलेली रक्तवाहिनी बंद केली.

मग निनाद रोज रेवतीबाईंची पट्टी काढू लागला. हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या, त्यांत कुठेच अडथळा नव्हता. आणि त्या उलट्या लाटा हळूहळू वर येत गेल्या... कुणी हृदयावर इलाज न करता.

एका सकाळी रेवतीबाईंनी डोळे उघडले, चहा मागितला आणि फिका आहे म्हणून तक्रार केली.

निनाद पहिली पट्टी आणि आजची पट्टी घेऊन मॅडमकडे गेला. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“रक्त डोक्यात सांडलं, आणि लाटा इथे उलटल्या...” त्याने पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं. “मग पहिली पट्टी खोटी होती का, मॅडम?”

“ती खरं तेच सांगत होती,” मॅडम म्हणाल्या. “तू तिला फक्त हृदयाबद्दल विचारत होतास.”