दोरीच्या टोकाची करवंटी

समुद्राने जमिनीत लांबवर हात घातला होता अशा एका खाडीच्या तोंडाशी, फार जुन्या काळी, एक लहानसे गाव वसलेले होते. त्या गावात पाण्याची खोली मोजणारा एक म्हातारा आपल्या थोरल्या लेकीसह राहत असे. दर पावसाळ्यात खाडीतले वाळूचे दांडे जागा बदलत, आणि गेल्या वर्षीची वाट यंदा भरवशाची राहत नसे. म्हणून पावसाळा सरला की म्हातारा होडी काढी, ठिकठिकाणी दगड बांधलेला दोर पाण्यात सोडी आणि तळ लागला की ओला दोर हात पसरून मोजी. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर म्हणजे एक वाव. घरी परतल्यावर तो प्रत्येक जागेसाठी काथ्याची एक दोरी घेई, जितके वाव तितक्या गाठी मारी आणि ती पडवीतल्या खुंटीला टांगी.

एवढ्यावर त्याचे काम संपत नसे. प्रत्येक दोरीच्या टोकाला तो करवंटीचे तीन तुकडे वेगवेगळे बांधी. एकावर जागेची खूण कोरलेली असे. दुसऱ्यावर पाण्याची खूण असे. भरतीला मोजले असेल तर रेघ वर वळलेली, ओहोटीला मोजले असेल तर खाली वळलेली. तिसऱ्यावर मोजणाऱ्याची खूण असे, कारण सगळ्यांचे हात सारखे लांब नसतात.

रांगेच्या शेवटी एक दोरी अशी होती की तिला एकही गाठ नव्हती, आणि तिची करवंटीही कोरीच होती. थोरली लहान असताना तिने विचारले होते, की या जागी पाणीच नाही का? म्हाताऱ्याने तिला जवळ घेऊन सांगितले होते, "असेलही, बाय. मी तिथं गेलो नाही, एवढंच ही दोरी सांगते."

लांबच्या होड्यांना ही दोरी कुठून दिसणार? त्यांच्यासाठी किनाऱ्यावर एक उंच काठी रोवलेली होती. काठीवर पालथी टोपली चढली, की आतली खोली ठाऊक नाही, बाहेरच थांबा, असा तिचा अर्थ साऱ्या खाडीला माहीत होता.

एका वर्षी म्हाताऱ्याने पाणी मोजून दोऱ्या टांगल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या डोळ्यांवर पडदा आला. वैद्याने डोळ्यांत औषध घालून पट्टी बांधली आणि पडून राहायला सांगितले. होड्या हाकणाऱ्या तांडेलांना खोली सांगण्याचे काम थोरलीकडे आले. तिला त्याचा अभिमान वाटला आणि धाकही वाटला.

त्याच सुमारास पैलतीरावरून निरोप आला, की धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते आहे. आई नसलेल्या घरात धाकटीला थोरलीनेच वाढवले होते. तिने घर सारवले, बाजेला नवा काथ्या विणला, शेगडीसाठी कोळसा आणून ठेवला. धाकटीची बाज कुठे टाकावी याचा विचार करत ती पडवीत उभी राहिली, तेव्हा समुद्रावरून वारा आला आणि रांगेतल्या साऱ्या करवंट्या एकमेकींवर आपटून खडखडू लागल्या. रोजचाच तो आवाज. पण त्या दिवशी तिला वाटले, या खडखडाटात ओल्या बाळंतिणीला झोप कशी लागावी? आणि ते इवलेसे बाळ तर दचकून दचकून उठेल.

तिने विळी घेतली. खोली गाठींमध्ये असते, करवंट्या काय नुसत्या टांगलेल्या, असे तिने मनाशी म्हटले आणि एकेक तुकडा कापून टोपलीत टाकला. गाठींना तिने धक्का लावला नाही. दोऱ्या धुतल्या, वाळवल्या, ज्या खुंटीची दोरी त्याच खुंटीला परत टांगली. पडवी शांत झाली. तिला समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या वेळी गावचा जुना तांडेल दारात आला. धाकटीला आणायला तोच होडी घेऊन निघाला होता. थोरलीला पडवीत उभी पाहून त्याला थट्टा सुचली. आता आम्ही पिकल्या दाढीच्या माणसांनी या पोरीला विचारून होड्या हाकायच्या म्हणायच्या, असे म्हणत त्याने खाडीत शिरण्याच्या वाटेवरच्या कासवखडकाजवळ किती पाणी आहे ते विचारले. खुंटी थोरलीला पाठ होती. तिने दोरी हातात घेतली आणि दोन वाव म्हणून सांगितले.

"भरतीचं की ओहोटीचं?"

थोरलीचा हात दोरीवरून खाली सरकला. टोकाला काही नव्हते. ठाऊक नाही, एवढे दोनच शब्द तिला बोलायचे होते. पण तांडेल मिशीत हसत होता, आणि पहिल्याच विचारण्याला अडखळणे तिला लाजिरवाणे वाटले.

"ओहोटीचं," ती म्हणाली.

तांडेल खूश झाला. ओहोटीलाही दोन वाव असेल तर संध्याकाळच्या भरतीची वाट कशाला पाहायची, पोटुशीला उन्हात का तिष्ठत ठेवायची, दुपारीच तिला घरी आणतो, असे सांगून तो गेला आणि होडी पैलतीराकडे निघाली.

थोरलीने चूल पेटवली, पण तिचे लक्ष लागेना. ती टोपली घेऊन बसली आणि कासवाची खूण शोधू लागली. ती लगेच सापडली. वर वळलेल्या रेघाही सापडल्या, खाली वळलेल्याही सापडल्या. पण कोणती रेघ कासवाची सोबतीण होती, हे सांगायला आता काहीच उरले नव्हते. ती टोपली घेऊन बापाच्या उशाशी गेली आणि खाली मान घालून सारे सांगून मोकळी झाली. शेवटी तिने विचारले, "आबा, तुम्हाला आठवतं का? भरती होती की ओहोटी?"

म्हातारा डोळ्यांवरच्या पट्टीसह उठून बसला. त्याने टोपलीत हात घातला आणि तुकडे बोटांनी चाचपले.

"लक्षात राहणार असतं, तर बांधलं कशाला असतं, बाय? दोरी खरं सांगते, करवंटीही खरं सांगते. पण कोण कोणाविषयी सांगतंय ते तुटलं, की दोघी मुक्या." मग तो म्हणाला, "आता आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक नाही, हेसुद्धा सांगता येतं. तुला माहीत आहे कसं ते."

थोरलीला माहीत होते. काठीवर टोपली चढली की सारा गाव बघणार आणि म्हाताऱ्याच्या लेकीला पहिल्याच दिवशी खोली सांगता आली नाही, हे घरोघरी कळणार, हेही तिला माहीत होते. पण पाण्यावर धाकटी होती. तिने करवंट्या जमिनीवर ओतल्या, रिकामी टोपली उचलली आणि वाळूतून धावत सुटली.

होडी खाडीच्या तोंडाशी आलीच होती. थोरलीने टोपली पालथी करून काठीच्या दोराला अडकवली, दोर ओढला आणि ती काठीच्या शेंड्यावर चढवली. किनाऱ्यावर जाळी विणणारी माणसे हात थांबवून पाहू लागली. कोणीतरी हसले. ती हलली नाही. दूरवर होडीचे शीड क्षणभर तसेच राहिले, मग उतरले आणि होडी बाहेरच नांगर टाकून थांबली.

दुपार कलली तशी ओहोटी तळाला गेली. ज्या जागी थोरलीने दोन वाव पाणी सांगितले होते, तिथे कासवखडकालगत यंदा सरकून आलेल्या वाळूच्या दांड्याची पाठ हळूहळू वर आली आणि तिच्यावर दोन बगळे येऊन उभे राहिले. थोरली काठीला धरून खाली बसली. जाळी विणणाऱ्यांपैकी आता कोणी हसत नव्हते.

संध्याकाळच्या भरतीने होडी आत आली. धाकटी घामाने भिजलेली होती आणि चेहरा उन्हाने लाल झाला होता. उतरता उतरता ती म्हणाली, "अक्का, माहेरपणाला बोलावलंस आणि दारातच वाळत घातलंस होय गं?" थोरलीला हसू फुटले आणि त्याबरोबर रडूही. तांडेलाने बगळे पाहिले होते. त्याने सकाळची थट्टा पुन्हा काढली नाही. टोपलीकडे एकवार पाहून तो थोरलीला एवढेच म्हणाला, "उद्या पाणी मोजायला निघशील तेव्हा हाक मार. वल्हं मी धरतो."

पुढचे काही दिवस थोरलीने साऱ्या जागा नव्याने मोजल्या. म्हातारा पट्टी बांधूनच होडीत बसे आणि ओला दोर तिच्या हातांतून सरकताना ऐके. तिचे हात त्याच्या हातांहून आखूड होते, म्हणून गाठी थोड्या बदलल्या. प्रत्येक दोरीला तिने तीन करवंट्या बांधल्या आणि तिसरीवर स्वतःची खूण कोरली. जिथे जाणे जमले नाही, तिथली दोरी तिने बिनगाठीचीच ठेवली, आणि तिची कोरी करवंटी सर्वांत घट्ट बांधली.

त्याच आठवड्यात धाकटीला मुलगी झाली. बाज पडवीच्या भिंतीलगत टाकलेली होती. समुद्रावरून वारा येई, करवंट्या खडखडत, आणि बाळ मुठी मिटून गाढ झोपे. वारा पडला म्हणजे मात्र ते जागे होऊन रडू लागे, आणि मग थोरली उठून दोऱ्यांच्या रांगेवरून हलकेच हात फिरवी.

तात्पर्य: जे जाणले, त्याची ओळख त्यालाच बांधून ठेवावी; आणि ओळख तुटली तर ‘ठाऊक नाही’ एवढे तरी सर्वांना दिसेल असे उंच बांधावे.